वाट वाकडी करून

दिवस पहिला : सांगली

आमच्या अण्णांचं सांगली-मिरज रस्त्यावर टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं, ३१ वर्षं. दाराशी पत्र्यावर रंगवलेला एक जाडा माणूस हात वर करून उभा असायचा, सगळा पांढऱ्या टायरांच्या वळ्यांचा. पेंटरनं कुठल्याशा कॅलेंडरवरून उतरवलेला. शाळेतून आल्यावर त्याला हात दाखवल्याशिवाय मी आत जात नसे. पुढं हॉटेल मॅनेजमेंट केलं, चार वर्षं क्रूझच्या डायनिंग हॉलमध्ये काढली आणि मग फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका रेस्टॉरंटात वाढपी म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या टेबलावर एक लाल पुस्तक दिसलं आणि त्यावर तोच माणूस. घशात आवंढा आला. तिथं ते कुणाला सांगणार?

याला आता १४ वर्षं झाली. आज मी तिथं 'मैत्र दोतेल' आहे, म्हणजे जेवणाच्या दालनाचा मुकादम. पाहुणा दारातून आत आल्यापासून कोट घालून बाहेर पडेपर्यंत तो माझा. यंदा फेब्रुवारीत महिन्याची रजा मिळाली. आलो त्या रात्रीच कट्ट्यावर बसल्या बसल्या अण्णांनी लाल पुस्तकाचा विषय काढला. टायरवाल्यांचा आणि जेवणाचा संबंध काय, हे त्यांना एकदा नीट समजून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोघं टायर बनवणारे भाऊ, आपल्या दाराशी होता तो जाडा माणूस त्यांच्याच कंपनीचा. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये ३,००० सुद्धा मोटारी नव्हत्या. लोकांनी गाड्या बाहेर काढल्या तरच टायर खपणार. म्हणून भावांनी एक पुस्तक छापून फुकट वाटलं. टायर कसा बदलावा, गाडी कोण दुरुस्त करतो, पेट्रोल कुठं मिळतं, मुक्काम कुठं करावा, असं सगळं त्यात. १९२० पासून ते विकत द्यायला लागले. १९२६ मध्ये चांगल्या जेवणाच्या जागेपुढं पहिल्यांदा तारा छापला, १९३१ मध्ये दोन आणि तीन तारे आले. त्यांचे अर्थही ठरलेले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारातली उत्तम जागा. दोन म्हणजे तिच्यासाठी वाट वाकडी करावी. तीन म्हणजे नुसतं तेवढ्यासाठी घरून निघावं.

"म्हणजे टायर झिजावं म्हणून जेवणाला चांदण्या लावल्या म्हण की!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. "भारताचं निघतं का असलं पुस्तक?"

"अजून नाही निघालं."

"मग गाडी काढ. वाट वाकडी करावी असं आपल्याकडं काय काय हाय, बघून तरी येऊ."

आतून आईचा आवाज आला, "जावा की बापलेक. मी भाकरी बांधून देते." तिनंही यायचंय हे पटवायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडावी लागली.

तो दिवस मग सांगलीतच गेला. सकाळी मार्केट यार्डात. हळदीचा हंगाम सुरू झालेला, सौद्यासाठी पोती तोंड उघडून मांडलेली, हवेत इतकी धूळ की पांढरा शर्ट तासाभरात पिवळा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. पण यार्डात माल बघणाऱ्या माणसाला ते सांगायची गरज पडत नाही. तो गड्डा बाजूला ठेवतो, हळकुंड उचलतो, कानाजवळ नेऊन मोडतो. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना टणक, धातूसारखा आवाज येतो. मग आतला रंग उजेडात धरायचा. आमच्या ल्योंच्या स्वयंपाकघरात माशाबरोबरच्या बटर सॉसमध्ये चिमूटभर हळद पडते, आणि ती ज्या बरणीतून येते तिच्यावर 'भारत' एवढंच लिहिलेलं असतं. तिथले लोक लोण्याच्या गावाचं नाव सांगतात, कोंबडीच्या जातीचं सांगतात, मिठागराचं सांगतात. हळदीला मात्र गाव नाही. मी अर्धा किलो हळकुंडं बांधून घेतली, आणि परत गेल्यावर बरणीवर 'सांगली' लिहायचं ठरवूनच.

तिथून हरिपूरला. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळदीची पेवं. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत खोलगट रांजणासारखा पोकळ खड्डा. हवा कोंडलेली, म्हणून हळदीला कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरून यातली बरीच पेवं गेली. फ्रान्समध्ये मोठ्या रेस्टॉरंटात खास पाहुण्याला जेवणाआधी वाइनचं तळघर दाखवायला नेतात, मी कितीतरी वेळा नेलं आहे. हातात मेणबत्ती, आवाज हळू. हरिपुरात बुजलेल्या पेवाच्या तोंडाशी अण्णा उभे राहिले तेव्हा त्यांचाही आवाज तसाच खाली आला होता.

दुपारी घरी जेवायला बसलो. आमच्या दालनात नियम असा की एका टेबलाच्या सगळ्या ताटल्या एकाच क्षणी खाली टेकल्या पाहिजेत, आणि एकेक वाढायची वेळ आली तर आधी बायका, त्यातही वयानं मोठी ती पहिली. यजमान सगळ्यात शेवटी. घरी अण्णांना आणि मला ताट, आई चुलीपाशी. "तू बस, मी वाढतो," म्हणालो. ती म्हणाली, "भाकरी येती का थापायला? मग? तव्यावरची गरम कोण घालणार?" मला येत नव्हती. जगातल्या भल्याभल्यांना वाढून आलेला मी त्या एका भाकरीपाशी अडलो आणि मुकाट्यानं जेवलो. ती आमच्या मागनं बसली. शेवटची भाकरी जरा करपली होती, ती तिनं घेतली.

दिवस दुसरा : तासगाव, पेठ नाका

तासगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव आणि मध्ये मध्ये बेदाण्याची शेडं. द्राक्षं द्रावणात बुडवून काढतात आणि सावलीत, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. वारा आरपार जातो, उन्हाची तिरीप लागत नाही, म्हणून हिरवा रंग राहतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. शेडवाल्याला मी सात दिवसांच्या जाळीवरचे मणी मागितले. तो हसला, "ते अजून धड द्राक्ष न्हाई आणि बेदाणा बी न्हाई." मला तेच हवे होते. बाहेरून सुरकुतलेले, आत अजून रस, गोडी दाट झालेली आणि मागं आंबटपणाची बारीक रेघ. गोड पदार्थ करणाऱ्या आमच्या शेफच्या हातात हे पडले तर तो दोन दिवस झोपणार नाही. बाजारात हे कधीच येत नाहीत, टिकत नाहीत. तिथं जाळीपाशी उभं राहूनच खायचे. अण्णांनी डायरीत पहिली नोंद केली: 'तासगाव, सात दिवसांची जाळी, दोन चांदण्या.'

पलूस, ताकारीवरून इस्लामपूरकडं. आता ईश्वरपूर म्हणतात. पेठ नाक्याला पोहोचेपर्यंत दोन वाजले. या पट्ट्यात ढाब्यावर बसलं की अख्खा मसूर मागायचा, हे पुण्या-कोल्हापूरच्या ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना ठाऊक. आम्ही बसलो तो ढाबा एक बाई चालवत होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळावर घाम. मसूर दिसायला सोपा आणि करायला अवघड. दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण जिभेनं टाळूला दाबला की विरघळला पाहिजे. रस्सा पाण्यासारखा नको, पिठल्यासारखा नको. कांदा-लसूण मसाला तिखट लागावा पण घशाला ओरखडा नको. या बाईंनी ते साधलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट मी बघत होतो ती रोटीची. हातातला शेवटचा तुकडा उरला की दुसरी गरम रोटी ताटात पडत होती. लवकर नाही, उशिरा नाही. अण्णा सावकाश खातात, आई त्याहून सावकाश, मी भरभर. तिघांची वेळ वेगळी आणि वाढणारा पोरगा एक. तो आमच्याकडं बघतही नव्हता असं वाटायचं, आणि चुकत नव्हता. हे शिकवायला आम्हाला दोन वर्षं लागतात.

त्या बाईंना बघून मला ल्योंमधली एक बाई आठवली. मी तिला पाहिलेलं नाही, पण त्या शहरात काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही. अझेनी ब्राझिए. जन्म १८९५ चा, शेतकऱ्याच्या घरात. दहा वर्षांची असताना आई गेली आणि ती दुसऱ्यांच्या शेतावर राबायला लागली. विशीच्या आत, लग्नाआधी मूल झालं, म्हणून घराचं दार बंद झालं. ती ल्योंला आली, लोकांच्या घरी, मग एका खानावळीत स्वयंपाक शिकली. १९२१ मध्ये रु रोयाल या रस्त्यावर स्वतःची जागा काढली. पुढं शहराबाहेर डोंगरात दुसरी, जिथं सुरुवातीला वीज नव्हती, गॅस नव्हता. १९३३ मध्ये त्या दोन्ही जागांना तीन-तीन तारे मिळाले. एका माणसाच्या नावावर सहा तारे, असं तोवर जगात कुणाचंच नव्हतं. तिची प्रसिद्ध कोंबडी म्हणजे ब्रेस भागातली पांढरी कोंबडी, कातडीखाली काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या भूछत्राच्या, चकत्या सरकवलेल्या, रश्शात हळू शिजवलेली. बस्स. फ्रान्सचा सगळ्यात मोठा मानला जाणारा शेफ पॉल बोकूज तिच्या हाताखाली तयार झाला.

हे मी आईला सांगत होतो. ती ऐकता ऐकता आमची तिघांची ताटं एकात एक रचत होती, माझ्या ताटात उरलेला मसूर तिनं आपल्या शेवटच्या तुकड्यानं पुसून खाल्ला. वाढणारा पोरगा धावत आला, "मावशी, असू द्या, आम्ही हाय की." तिनं रचलेली ताटं त्याच्या हातात दिली, पण उठताना टेबलावरचे तुकडे मुठीत गोळा केलेच.

"त्या बाईला सहा चांदण्या मिळाल्यावर घरच्यांनी दार उघडलं का?" गाडीत बसल्यावर तिनं विचारलं. १४ वर्षं त्या शहरात राहून हा प्रश्न मला पडला नव्हता.

मुक्काम कराडला.

दिवस तिसरा : कराड, सातारा

सकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी, थंड वारा, आईनं पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. नऊला निघालो ते साताऱ्यात मावशीकडं.

साताऱ्याचा कंदी पेढा मी आयुष्यभर खाल्ला, पण होताना कधी पाहिला नव्हता. मावशीच्या ओळखीनं एका हलवायाच्या भट्टीवर जायला मिळालं. म्हशीचं दूध, लोखंडी कढई, खाली सारखी आच आणि एक माणूस, ज्याचा हात तासभर थांबत नाही. त्याला मी विनंती केली, मला दर टप्प्याला चमचाभर द्याल का? त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मान हलवली.

पहिला चमचा तापलेल्या दुधाचा. दुसरा आटून तिसऱ्या हिश्श्यावर आलेल्याचा, बासुंदीसारखा. तिसरा रबडी झाल्यावर, साय आणि दूध वेगळं ओळखू येतंय तोवर. चौथा पांढऱ्या खव्याचा. आणि पाचवा? पाचव्यासाठी थांबावं लागलं. कारण इथंच बाकीच्या पेढ्यांची आणि साताऱ्याची वाट वेगळी होते. खवा झाल्यावर इथं कढई उतरवत नाहीत. तो खवा भाजत राहतात, बदामी होईपर्यंत, दाणा मोकळा होईपर्यंत. वास आधी दुधाचा असतो, मग तुपाचा होतो, आणि एका क्षणी त्यात भाजल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी येतं. त्या क्षणी साखर. आणखी दोन मिनिटं गेली तर कडू.

इटलीतल्या मोदेना गावी शेफ मास्सिमो बोत्तुरांच्या 'ओस्तेरिया फ्रांचेस्काना' या रेस्टॉरंटात आम्ही तिघं सहकारी वर्षभर पैसे साठवून एकदा जेवायला गेलो होतो. त्यांचा एक गाजलेला पदार्थ आहे. एकच पार्मेजान चीज, पण पाच वेगवेगळ्या वयांचं, पाच रूपांत: एक मऊ, एक सॉस, एक फेस, एक कुरकुरीत पापडी, एक तर नुसती हवा वाटावी असं. एकाच ताटलीत एका पदार्थाचं सगळं आयुष्य. आम्ही तिघंही दूधदुभत्याच्या घरातले नव्हतो, तरी ती ताटली खाऊन कुणी दोन मिनिटं बोललं नाही. साताऱ्याच्या भट्टीपाशी उभं राहून मला तोच अनुभव आला, आणि मी हे मनापासून सांगतो, काकणभर सरस आला. मोदेनात पाचही रूपं तयार होऊन आली होती. इथं एक रूप मरताना आणि दुसरं जन्मताना दिसत होतं, आणि ते करणाऱ्या माणसाचा दंड माझ्यासमोर दुखत होता. या चार मधल्या चमच्यांचं कुणी कधी ताट का मांडत नाही? मी तर मांडणार आहे. पाच छोट्या वाट्या, डावीकडून उजवीकडं.

अण्णांनी एक पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि डायरीत तीन चांदण्या काढल्या. "हे बघायलाच सांगलीवरनं यावं माणसानं."

रात्री मावशीनं वाघ्या घेवड्याची आमटी केली. कोरेगावकडचा, अंगावर लालसर पट्टे असलेला हा घेवडा, यालाही जीआय आहे. दुसऱ्या कुठल्या राजम्यासारखा तो जाड सालीचा लागत नाही. आमटी मी दोनदा घेतली. आई आणि मावशी आमच्या नंतर बसल्या. स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज उशिरापर्यंत येत होता.

दिवस चौथा : वाई, महाबळेश्वर

वाईला ढोल्या गणपती, मग मेणवलीच्या घाटावर अर्धा तास. तिथून पसरणी घाट.

स्ट्रॉबेरीच्या शेतात सकाळी लवकर जायला हवं होतं, आम्ही अकराला पोहोचलो. तरी शेतकऱ्यानं बांधावरून आत नेलं. लाल माती, वर मल्चिंगचा कागद, त्यातून वर आलेली रोपं. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच जीआय मिळाला. शेतकरी जाती दाखवत होता, 'विंटर डॉन', 'कामारोसा', 'स्वीट चार्ली'. कुठली टणक, मुंबईपर्यंत टिकणारी, कुठली मऊ. त्यानं वाकून एक पूर्ण पिकलेली, देठापर्यंत लाल झालेली तोडून आईच्या हातात दिली. "ही पेटीत जात न्हाई. उद्यापर्यंत रस सोडती. ही आम्हीच खातो."

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या 'नोमा' या रेस्टॉरंटनं जगाला जे शिकवलं ते हेच. २००३ मध्ये शेफ रेने रेदझेपींनी ती जागा सुरू केली तेव्हा ठरवलं, की आपल्या थंड प्रदेशात जे उगवतं तेच वापरायचं. लिंबू तिकडं पिकत नाही, तर लिंबू नाही. मग आंबटपणा कुठून आणायचा? रानातल्या मुंग्यांपासून. त्यांच्या अंगातलं आम्ल लिंबासारखं लागतं.

"मुंग्या?" आई थांबली. "जित्या?"

मी हो म्हटलं. तिनं हातातल्या स्ट्रॉबेरीकडं पाहिलं, खाल्ली, आणि म्हणाली, "आपल्याकडं चिंच हाय, आमसूल हाय, कैरी हाय. देवानं आपल्याला लई दिलंय." शेतकऱ्यानं तिला आणखी चार तोडून दिल्या. "पुरे, पुरे," ती म्हणाली. ती नेहमी पुरेच म्हणते.

रात्रीचं जेवण एका रिसॉर्टात. आई-अण्णांना एकदा तरी कोर्सवार जेवण कसं असतं ते दाखवावं, म्हणून मी हौसेनं 'सात पदार्थांचं खास जेवण' आधी सांगून ठेवलं होतं. ते फसलं. सूप आणि भाजी-रोटी एकदम आली, गोड मध्येच आलं, पाणी तीनदा मागावं लागलं. वाढणारा मुलगा जेमतेम एकोणीस-वीसचा असेल. घाबरलेला, दोन हातांत दोनच ताटल्या, दर वेळी आत-बाहेर. त्याच्या हातून आईच्या साडीवर थोडं सूप सांडलं आणि मॅनेजर सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला. मला सांडलेल्याचं काही वाटलं नाही. त्या ओरडण्याचा राग आला. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सकाळी सातपासून तो पायांवर होता, हे त्याच्या उभं राहण्यावरून मला दिसत होतं.

या धंद्यात ताऱ्यांची चर्चा होते आणि तळव्यांची होत नाही. मी स्वतः एका मोठ्या नावाच्या जागी सहा महिने बिनपगारी काढले आहेत, 'शिकायला मिळतंय' या शब्दावर. सकाळी नऊ ते रात्री एक. जगभर हजारो पोरं अशी राबत आली. 'नोमा'सारख्या जागेनंही शिकाऊ मुलांना पगार द्यायला २०२२ च्या अखेरीस सुरुवात केली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिच्या मालकांनी जाहीर केलं की या पद्धतीचं रेस्टॉरंट चालवणं आता झेपणारं नाही. झेपत नाही ते बरोबरच आहे. पन्नास माणसांच्या ताटल्यांवर चिमट्यानं पानं लावणारे हात फुकटचे असतील तरच ते गणित बसतं. ज्या तीन ताऱ्यांसाठी आपण घरून निघतो, त्यांच्या पुस्तकात त्या हातांना एक ओळ हवी.

हिशेब देऊन मी आत गेलो, त्या मुलाला बाहेर बोलावलं. जावळीकडचा होता. म्हटलं, तीन ताटल्या एका हातात कशा धरायच्या, दाखवू? दालन रिकामं झालं होतं. पहिली ताटली अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात. दुसरी तिच्या खालून, करंगळी-अनामिकेच्या आधारावर आणि तळहातावर. तिसरी मनगटावर, दुसरीच्या काठाला टेकवून. उजवा हात मोकळा, तोच वाढणार. खांदे सैल, नजर ताटलीवर नाही, जिथं जायचं तिथं. रिकाम्या ताटल्या घेऊन आम्ही दोघं टेबलांमधून फिरलो. दोनदा त्याची तिसरी घसरली, ती मी झेलली. पाचव्या फेरीला जमलं. मग वाढायची रीत दाखवली: बोलणं चालू असेल तर थांबायचं, पाहुण्याच्या तोंडापुढून हात न्यायचा नाही, आधी बाई, त्यातही थोरली.

मागं वळून पाहिलं तर आई-अण्णा दारात उभे. मला वाटलं होतं ते खोलीवर गेले. १८ वर्षं मी हे काम करतोय आणि त्या दोघांनी मला ते करताना कधी पाहिलं नव्हतं. फोनवर 'हॉटेलात हाय' एवढंच त्यांना माहीत.

"असं काम करतोस व्हय तू?" आई म्हणाली.

अण्णा काही बोलले नाहीत. खोलीवर गेल्यावर त्यांनी डायरी उघडली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

दिवस पाचवा : परत सांगली

पहाटे निघालो. आमच्या गल्लीतल्या देवळात पारायण सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन चुकणार हे माहीत होतं, महाप्रसाद तरी गाठायचा होता. पेठ नाक्यापासून सांगलीच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. अण्णा प्रत्येक खड्ड्याला टायरच्या बाजूनं हळहळले.

पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. पुरुषांच्या पंगती उठल्या होत्या. शेवटची पंगत बायकांची, त्यात सकाळपासून चपात्या लाटणाऱ्या, भाज्या चिरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. वाढणारी पोरं दमून मंडपाच्या खांबाला टेकलेली. मी चपला काढल्या, बाह्या वर केल्या.

वाढायला मला पहिल्यांदा शिकवलं ते याच मंडपात, अण्णांनी. नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या वयाला मीठ देतात. पानात डावीकडं वर मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडं भाजी. आमटी द्रोणात. भात मध्ये. रांगेच्या टोकापासून निघायचं, माणूस टाळायचा नाही, ओळखीच्याला जास्त नाही. बादली जमिनीला घासायची नाही. पुढं कॉलेजात पुस्तकात वाचलं, की फ्रान्समध्ये पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि लोक हात पोचेल ते घेत. १८१० च्या सुमाराला पॅरिसमधल्या रशियन राजदूतानं, कुराकिननं, एकामागून एक पदार्थ गरम गरम वाढायची आपल्याकडची रीत दाखवली, आणि आजची सगळी मोठी रेस्टॉरंटं त्या रीतीवर उभी आहेत. मास्तर फळ्यावर दोन्ही पद्धतींची चित्रं काढत होते आणि मी मनात म्हणत होतो, पंगतीत दोन्ही आहेत की. पानाच्या कडेचं सगळं आधी आपापल्या जागी, आणि मधलं वेळेवर, फेरीफेरीनं.

"आई, बस," मी म्हणालो.

तिनं मंडपाकडं पाहिलं. ओळखीच्या बायका जागा करत होत्या. नेहमीसारखी 'मी मागनं' म्हणेल असं वाटलं, पण मागनं आता पंगतच नव्हती. ती पदर खोचून बसली. पत्रावळीवर पाणी शिंपडून हात फिरवला.

मीठ मी वाढलं. मग पोरं उठली आणि आम्ही पाच जणांनी रांग धरली. वांग्याची भाजी, भात, आमटी. 'पुंडलिक वरदे' झालं. मी खिरीची बादली घेतली. खपली गव्हाची खीर, सकाळपासून मोठ्या कढईत रटरटलेली, गूळ, खोबरं, वेलदोडा. ओगराळ्यानं वाढताना गहू आणि रस दोन्ही सारखं यावं म्हणून दर वेळी तळापासून ढवळून घ्यावं लागतं. टोकापासून निघालो. आई रांगेत सोळावी किंवा सतरावी होती. तिच्यापर्यंत येताना मी पायांचा वेग बदलला नाही. तिच्या पानाशी वाकलो, एक ओगराळं वाढलं आणि पुढं सरकलो.

दुसरी फेरी काढली. पाहुण्याचं झालं की नाही हे ल्योंमध्ये मी काट्या-सुरीच्या ठेवणीवरून ओळखतो. इथं पानावर आडवा धरलेला हात. एकामागून एक हात आडवे होत होते, कुणी मान हलवत होतं, कुणी नुसतं हसत होतं. आईपाशी आलो. तिचं पान अर्धं झालं होतं, खिरीची जागा रिकामी होती. हात मांडीवरच होता.

"वाढ की जरा," ती म्हणाली. "खालचा गहू घे. रस नको नुसता."

मी बादली खाली ठेवली आणि तळापासून ढवळलं.